काचेवर धुकं, बटण मेनूत

गाडीची पुढची काच अचानक धुरकट झाली की एसी चालू, हवा काचेकडे, पंखा जोरात, तापमान वर, एवढंच करायचं असतं. चार गोल खटके असले की हात न बघता पोचतो, ‘टक’ लागलं की कळतं. आता? खटक्यांच्या जागी टचस्क्रीन. आधी एसीचं चिन्ह शोधा, मग आतला मेनू उघडा, मग पट्टी सरकवा. तेवढ्यात नेमका खड्डा येतो आणि बोट शेजारच्या सीट-हीटरवर! स्क्रीनच्या गुळगुळीत काचेला उंचवटा नाही, खाच नाही. त्यामुळे बोट कुठे टेकलं ते डोळ्यांनीच तपासावं लागतं. बोट ओलं असेल तर स्क्रीन गोंधळते, साधा हातमोजा असेल तर बऱ्याचदा दखलच घेत नाही.

ताशी 100 किमीला गाडी सेकंदाला जवळपास 28 मीटर जाते. दोन सेकंद नजर खाली, म्हणजे 56 मीटर आंधळी कोशिंबीर. अमेरिकेच्या 2013 च्या ऐच्छिक मार्गदर्शक सूचनांत एका नजरेला दोन आणि अख्ख्या कामाला बारा सेकंदांची मर्यादा आहे. ऐच्छिकच, म्हणजे झालंच!

त्यात एक अपडेट येतो आणि सरावाची चिन्हं रातोरात जागा बदलतात. ‘मग बोलून सांगा ना’ म्हणे. खिडकीची काच खाली असली की गाडीतल्या त्या आवाजी मदतनीस बाईसाहेबांना नीट ऐकू येत नाही.

गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेने 2026 पासून वायपर, हॉर्न, इंडिकेटर यांच्या खऱ्या बटणांना गुण ठेवलेत. पंखा मात्र अजून मेनूतच.