जड माणूस वेगाने पडतो का? स्कायडायव्हिंगच्या लेखावरील एका आक्षेपाला उत्तर

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार. स्कायडायव्हिंगविषयीच्या गमतीदार समजुतींवरचा माझा लेख आपण शेवटपर्यंत वाचलात आणि मग सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपण ठाण्यातल्या शाळेत अनेक वर्षे विज्ञान शिकवले असल्याचे लिहिले आहे, त्यामुळे आपल्या आक्षेपांना दोन ओळींत उत्तर देणे मला योग्य वाटले नाही. नंतर वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी आपले म्हणणे आधी थोडक्यात सांगतो. जड माणूस हलक्या माणसापेक्षा वेगाने पडतो हे माझे विधान गॅलिलिओच्या विरुद्ध, म्हणून अवैज्ञानिक आहे, हा आपला पहिला आक्षेप. पॅराशूट उघडताच माणूस वर फेकला जातो हे आपण व्हिडिओमध्ये प्रत्यक्ष पाहिले असताना मी त्याला खोटी समजूत म्हटले, हा दुसरा. आणि ज्यात जीव जातो अशा गोष्टीवर हसत-खेळत लिहिणे बेजबाबदारपणाचे आहे, विशेषतः आपली खारघरला राहणारी नात पुढच्या महिन्यात टँडम उडी, म्हणजे प्रशिक्षकाला जोडून घेऊन मारायची उडी, मारायला निघालेली असताना, हा तिसरा. हा तिसरा आक्षेप मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटला, म्हणून त्याकडे शेवटी, पण सर्वांत जास्त वेळ देऊन येतो.

गॅलिलिओचे म्हणणे खरेच आहे, मात्र ते हवा नसलेल्या जागेपुरते. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ मोहिमेतील डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून पीस एकाच वेळी सोडले आणि दोन्ही एकदमच जमिनीवर टेकली, कारण तिथे अडवायला हवा नाही. हवा अडवते हे स्वतः गॅलिलिओलाही ठाऊक होते आणि १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने त्याची चर्चा केली आहे. विमानातून उडी मारलेल्या माणसाचा वेग पहिली दहा-बारा सेकंद वाढत जातो, वेगाबरोबर हवेचा विरोध वाढतो, आणि हा विरोध वजनाइतका झाला की वेग वाढणे थांबते. विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, आकार तोच ठेवून वजन चौपट केले तर हा अंतिम वेग दुप्पट होतो. साठ किलो आणि नव्वद किलो वजनाच्या दोन माणसांचे शरीर हवेला सारखेच अडत असेल, तर दुसऱ्याचा वेग सुमारे २२ टक्क्यांनी जास्त भरेल. प्रत्यक्षात जड माणूस बहुधा आकारानेही मोठा असतो, त्यामुळे फरक यापेक्षा कमी पडतो, पण तो नाहीसा होत नाही. म्हणूनच हवेत एकमेकांचे हात धरून रचना करणाऱ्या चमूमध्ये हलक्या व्यक्ती शिसे भरलेली जाकिटे घालतात आणि जड व्यक्ती सैल, हवा धरणारे कपडे घालतात. तसे केले नाही तर हलकी माणसे वर राहतात आणि जड माणसे खाली निघून जातात.

आपण आयुष्यभर मुलांकडून प्रयोग करून घेतले असतील, म्हणून हे लिहिण्याआधी मी काय करून पाहिले तेही सांगतो. सत्यनारायणाच्या पूजेतून उरलेले कागदी द्रोण घरात होते. आमच्या नौपाड्यातल्या इमारतीत, गॅलरीत खाडीवरचा वारा येतो म्हणून जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेतून, मी एक द्रोण दुसऱ्या मजल्यावरून सोडला आणि त्याच क्षणी माझ्या मुलीने चौथ्या मजल्यावरून एकात एक घातलेले चार द्रोण सोडले. आकार तोच, वजन चौपट, अंतर दुप्पट. आणि दोन्ही तळमजल्याच्या फरशीवर जवळजवळ एकाच वेळी पोहोचले. हवेचा विरोध नगण्य असता तर दुसऱ्या मजल्यावरचा द्रोण कितीतरी आधी खाली आला असता. आम्ही हे सात वेळा केले, कारण पहिल्या दोन वेळा द्रोण कठड्याला लागला.

याच संदर्भात आपण माझी एक चूक नेमकी पकडली आहे आणि ती मी मान्य करतो. एका परिच्छेदात मी ‘सर्वजण ताशी २०० किलोमीटर वेगाने पडतात’ असे लिहिले आणि पुढच्याच परिच्छेदात वजनाप्रमाणे वेग बदलतो असे म्हटले; ही दोन विधाने एकत्र नांदू शकत नाहीत. पोट जमिनीकडे करून पसरलेल्या माणसाचा वेग ताशी साधारण १९० ते २०० किलोमीटर असतो, एवढेच म्हणायला हवे होते. तोच माणूस डोके खाली करून सरळ झाला की ताशी २५० किलोमीटरच्या पुढे जातो, आणि निव्वळ वेगाच्या स्पर्धांमध्ये खेळाडूंनी ५०० किलोमीटरचीही मर्यादा ओलांडली आहे. लेखात तशी दुरुस्ती मी आजच केली.

आता व्हिडिओविषयी. आपल्या डोळ्यांनी जे पाहिले ते खरे आहे, पण जिथून पाहिले ती जागाच पडत होती. चित्रीकरण करणारा माणूस सेकंदाला सुमारे ५५ मीटर वेगाने खाली जात असतो; ज्याचे पॅराशूट उघडते त्याचा वेग तीन-चार सेकंदांत पाच-सहा मीटरवर येतो; त्यामुळे कॅमेऱ्याच्या चौकटीतून तो वर झेपावल्यासारखा दिसतो. मुलुंड सोडल्यावर आपण फास्ट लोकलमध्ये असतो आणि शेजारच्या रुळावरची स्लो लोकल ब्रेक लावते, तेव्हा ती मागे मागे सरकत असल्यासारखी वाटते, पण तिच्यातला प्रवासी ठाण्याकडेच येत असतो. उडी मारणारा माणूस पूर्ण वेळ खालीच येत असतो.

पोटात गोळा येण्याबद्दल आपण ओघात लिहिले आहे, म्हणून तेही सांगतो. जत्रेतल्या आकाशपाळण्यात बसल्यावर येतो तसा गोळा विमानातून उडी मारताना बहुतेकांना येत नाही, कारण विमान आधीच ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटर वेगाने पुढे जात असते आणि दाराबाहेर पडताच तेवढा वारा अंगाला आधार देतो. स्थिर तरंगणाऱ्या बलूनमधून उडी मारणाऱ्यांना मात्र तो जाणवतो.

इथून मी आपल्या तिसऱ्या आक्षेपाकडे येतो. समजुतींवर हसणे म्हणजे धोक्यावर हसणे नव्हे, हे मी लेखात स्पष्टपणे लिहायला हवे होते. खोट्या समजुतीमुळे माणूस भलत्याच गोष्टीला घाबरतो आणि खरोखर जिथे सावध राहायचे असते तिथे गाफील राहतो, ही माझी खरी चिंता आहे आणि त्यासाठीच मी तो लेख लिहिला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जाणत्या माणसांनाही असे वाटत असे की मोकळे पडणारा माणूस बेशुद्ध होईल किंवा गुदमरेल आणि त्याला स्वतःच्या हाताने पॅराशूटची दोरी ओढता येणार नाही. २८ एप्रिल १९१९ रोजी अमेरिकेतल्या मॅककुक विमानतळावर लेस्ली अर्विन यांनी विमानातून उडी मारली, हवेत असताना स्वतः दोरी ओढली आणि ते सुखरूप उतरले. उतरताना घोटा मोडला तेवढाच. पुढे तीनच वर्षांत, ऑक्टोबर १९२२ मध्ये, हॅरोल्ड हॅरिस या वैमानिकाने तुटणाऱ्या विमानातून तशाच पॅराशूटने जीव वाचवला. ती समजूत आणखी काही वर्षे टिकली असती, तर असे किती वैमानिक विमानासोबतच संपले असते याचा विचार माझ्या मनातून जात नाही. आजही ‘वर श्वासच घेता येत नाही’ असे छातीठोकपणे सांगणारे लोक मला भेटतात. श्वास नीट घेता येतो. बोललेले मात्र वाऱ्याच्या आवाजामुळे शेजाऱ्यालाही ऐकू जात नाही, त्यामुळे चित्रपटांत हवेत रंगणारे संवाद खरे मानू नयेत.

दुसरी अशीच समजूत आमच्या आळीत लहानपणापासून ऐकली आहे: विमानातून पडलोच तर खाडीत पडावे, पाणी मऊ असते. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट आहे, आणि सेकंदाला ५५ मीटर वेगाने आलेल्या शरीरासाठी ते बाजूला सरण्यापूर्वीच घात झालेला असतो. विमानातून पॅराशूटशिवाय पडून वाचलेल्यांच्या ज्या मोजक्या कथा खऱ्या आहेत, त्यांतल्या निकोलस अल्केमेड या ब्रिटिश सैनिकाला मार्च १९४४ मध्ये सुमारे १८,००० फुटांवरून पडताना पाइनच्या फांद्यांनी आणि बर्फाच्या थराने टप्प्याटप्प्याने अडवले होते. एका झटक्यात थांबणे जीव घेते, लांबत जाणारे थांबणे वाचवते. पॅराशूटही याच तत्त्वावर काम करते.

पावसाची गोष्ट मला स्वतःला फार आवडते. आपल्याकडे जूनमध्ये येऊरच्या डोंगरावरून उतरणारी सर पाहिलेल्या कोणालाही वाटेल की पडणाऱ्या माणसावर पाऊस वरूनच कोसळत असेल. पण पावसाचा मोठ्यात मोठा थेंबही सेकंदाला सुमारे नऊ मीटरपेक्षा वेगाने पडत नाही, तर माणूस ५५ मीटरने पडतो. त्यामुळे माणूसच थेंबांना गाठून मागे टाकत जातो, आणि थेंब खालून येऊन तोंडावर सुयांसारखे टोचतात.

आता पॅराशूट न उघडण्याची भीती. आपण लिहिले आहे की या खेळात ‘शंभरात एक तरी जातोच’. अमेरिकेतल्या राष्ट्रीय संघटनेच्या नोंदींनुसार २०२३ साली तिथे सुमारे ३६ लाख ५० हजार उड्या झाल्या आणि दहा मृत्यू झाले. दहा घरांचे दुःख दहा घरांचेच असते, त्याला मी लहान म्हणत नाही, पण शंभरात एक हे प्रमाण वास्तवापासून हजारो पटींनी दूर आहे. प्रत्येकाच्या पाठीवर दोन पॅराशूट असतात, त्यातले राखीव पॅराशूट परवानाधारक व्यक्तीच घडी घालून भरते, आणि बहुतेकांच्या जवळ एक छोटे स्वयंचलित उपकरण असते, जे ठरावीक उंचीखालीही माणूस वेगाने पडतच असेल तर राखीव पॅराशूट स्वतःहून उघडते.

खरा धोका कुठे आहे ते सांगतो, कारण लोक तिथे पाहतच नाहीत. जुन्या मराठीत ‘हवाई छत्री’ म्हणत, आणि त्या शब्दाने आपल्या मनात छत्रीचेच चित्र बसले आहे. २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिसमध्ये आंद्रे-जाक गार्नेरिन बलूनमधून ज्याने उतरले ते खरोखर छत्रीसारखे होते, आणि वर हवा निघायला भोक नसल्यामुळे ते घड्याळाच्या लंबकासारखे झुलत आले. आजचे पॅराशूट मात्र डोमिना जालबर्ट यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या कल्पनेवरचे, हवेने फुगणाऱ्या कप्प्यांचे चौकोनी पंख असते. ते पुढे सरकते, वळते, आणि दोन्ही दोऱ्या एकदम ओढल्या की जमिनीलगत मंदावते. पंख असल्यामुळेच जमिनीजवळ जोरात वळवले तर ते झपाट्याने उंची गमावते. अनुभवी खेळाडूंचे कितीतरी अपघात असे पूर्ण उघडलेल्या, निर्दोष पॅराशूटखाली, शेवटच्या काही सेकंदांत झालेले आहेत. जो माणूस फक्त ‘उघडेल ना’ एवढीच चिंता करतो, तो उघडल्यावर निर्धास्त होतो, आणि सावधपणाची वेळ नेमकी तेव्हा सुरू होते.

साडी नेसून हे शक्य नाही, बायकांचे हे काम नव्हे, असल्या शेऱ्यांवर मी वेळ घालवणार नाही. पुण्याच्या शीतल महाजन यांनी एप्रिल २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारली आणि २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून, एवढे पुरे आहे.

आपल्या नातीसाठी काही गोष्टी लिहितो. टँडम उडीत ती चार ठिकाणी, दोन खांद्यांशी आणि दोन कमरेशी, प्रशिक्षकाला जोडलेली असेल. विमानातून निघण्यापूर्वी त्या चारही जोडण्या पुन्हा तपासल्या जात आहेत का, हे तिने स्वतः विचारावे. राखीव पॅराशूट शेवटचे कधी भरले आणि स्वयंचलित उपकरण सुरू आहे का, हेही विचारावे. चांगला प्रशिक्षक या प्रश्नांनी कधीच रागावत नाही. आदल्या दिवशी स्कूबा डायव्हिंग करू नये. उतरताना पाय सरळ पुढे उचलून धरायचे असतात, नाहीतर दोघांचा भार तिच्या घोट्यांवर येतो. खुर्चीत बसून दोन्ही पाय वर धरण्याचा सराव तिने आठवडाभर आधीपासून करावा. तो सराव आपणच करून घेतलात तर मला फार बरे वाटेल.

तिच्या उडीचा व्हिडिओ आला की पहिल्या काही सेकंदांवर थांबून पाहावे. साधारण १३,००० फुटांवरून निघाल्यावर मोठे पॅराशूट उघडेपर्यंत सुमारे पाऊण मिनिट असते, पण दाराबाहेर पडताच प्रशिक्षक एक छोटे, गोल पॅराशूट मागे सोडतो, त्याला ड्रोग म्हणतात. दोघांचे मिळून वजन दुप्पट, पण हवेला अडणारा आकार जवळजवळ एकाच माणसाएवढा, त्यामुळे ते नसते तर दोघे ताशी अडीचशे किलोमीटरपेक्षा बऱ्याच जास्त वेगाने पडले असते. त्याच्यामुळे ती दोघे एकट्या माणसाच्या वेगावर राहतात. आपल्या पहिल्या आक्षेपाचे उत्तर आपल्या नातीच्या डोक्यावर, थोड्या अंतरावर फडफडताना दिसेल.

आपला नम्र