सांगलीतल्या एकट्या डेव्हलपरलाही गिट लागतं

सांगली-मिरजेतल्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या ग्रुपांवर सध्या गिटबद्दल, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाबद्दल, एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे कामाला येणाऱ्या एका मुलीनं तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "सर, मग मी शिकू का नको?"

मेसेज थोडक्यात असा: गिट मोठ्या कंपन्यांच्या मोठ्या टीमसाठी आहे, सांगलीसारख्या ठिकाणी एकट्यानं काम करणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. त्याला सतत इंटरनेट लागतं. आपला कोड सगळ्या जगाला दिसतो. रोज संध्याकाळी फोल्डरची झिप करून, तारीख टाकून ड्राइव्हवर ठेवली की तेच काम होतं. गिटच्या शंभर कमांड पाठ कराव्या लागतात आणि एक चुकली की सगळं जातं. आणि आता कोड एआयच लिहितो, त्यामुळं हे शिकण्यात वेळ घालवू नका.

मी मार्केट यार्डातल्या हळदीच्या दुकानांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहितो. बरीच वर्षं एकटाच लिहीत होतो, आता आम्ही तिघं आहोत. म्हणजे मेसेजमध्ये ज्याला गिटची गरज नाही असं म्हटलंय, तो माणूस मीच. म्हणून उत्तर देतोय.

झिपचा मुद्दा आधी घेतो, कारण मुलांना तोच सर्वांत जास्त पटतो. मीही आधी झिपच करायचो. एकदा एका दुकानातल्या पट्ट्या (मालाच्या विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) रुपया-दोन रुपयांनी चुकायला लागल्या. पट्टी शेतकऱ्याच्या हातात पडते. वजन, दर, हमाली, तोलाई सगळं तो तिथंच उभा राहून ताडून बघतो, आणि ताडून बघावंच. माझ्याकडे चाळीसच्या वर झिपा होत्या. एकेक उघडून, फायली शेजारी ठेवून शोधत बसलो. तीन दिवसांनी सापडलं: पूर्वी सगळ्या पोत्यांची बेरीज करून मग रक्कम पूर्णांकात आणत होतो, मध्येच कधीतरी ते प्रत्येक पोत्यागणिक केलं होतं. मी जुनं होतं तसं करून टाकलं. महिन्याभरानं दुसऱ्या दुकानातून फोन आला की आमच्या पट्ट्या चुकतायत. तो बदल त्यांच्याच सांगण्यावरून केलेला होता. झिपेत कोड होता, पण तो का बदलला हे कुठंच नव्हतं, आणि माझ्याही लक्षात राहिलं नव्हतं.

गिटमध्ये प्रत्येक कमिटबरोबर, म्हणजे बदल इतिहासात नोंदवताना, कारण लिहावं लागतं. "अमुक दुकानाच्या मागणीवरून पोत्यागणिक पूर्णांक" एवढी एक ओळ असती तर दुसरा फोन आलाच नसता. हा संदेश मराठीत लिहिता येतो, काही अडत नाही. (फाइलचं नाव देवनागरीत ठेवलं तर मात्र गिट स्टेटसमध्ये नावाऐवजी आकड्यांची रांग दिसते. कोअर.कोटपाथ ही सेटिंग फॉल्स केली की नाव नीट दिसतं.) बिघाड कोणत्या बदलात शिरला हे शोधायला गिट बायसेक्ट आहे. एक चांगलं कमिट आणि एक बिघडलेलं कमिट दाखवलं की ते मधलं काढून देतं, तुम्ही तपासून चांगलं की वाईट ते सांगायचं, मग उरलेल्या निम्म्यातलं मधलं. दोनशे कमिटं असली तरी आठेक तपासण्यांत नेमकं कमिट हाती येतं. यातलं काहीही टीमसाठी नव्हतं. मी एकटाच होतो.

दोन माणसं झाली की झिप पूर्णच हात टेकते. माझा तासगावचा सहकारी छपाईचा भाग बघतो आणि मी हिशेबाचा. दोघांनी एकाच फाइलमध्ये बदल केले तर दोन झिपांतली खरी कोणती? त्या दोन फायली नुसत्या शेजारी ठेवल्या तर एखादी ओळ याच्याकडे आहे आणि त्याच्याकडे नाही एवढंच दिसतं. त्यानं ती काढली की मी नवी घातली, हे कळत नाही. ते कळायला तिसरी प्रत लागते: आम्ही दोघं जिथून निघालो ती मूळ प्रत. गिट इतिहासात मागं जाऊन तो समाईक पूर्वज शोधतं आणि तिघांची तुलना करतं. ज्यानं बदल केला त्याचा बदल घेतं आणि दोघांनी तीच ओळ वेगवेगळी बदलली असेल तिथंच थांबून विचारतं. यालाच कॉन्फ्लिक्ट म्हणतात. मुलं त्याला फार घाबरतात. पण गिट तिथं एवढंच म्हणतंय की हे ठरवणं माझं काम नाही, तुम्ही एकमेकांशी बोला.

आता इंटरनेट. गिट आणि गिटहब (गिटमधलं काम ऑनलाइन ठेवायची साइट) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मेसेज लिहिणाऱ्यानं त्या एकच धरल्यात. लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं गिट लिहायला घेतलं एप्रिल २००५ मध्ये, लिनक्स कर्नलसाठी (लिनक्सच्या गाभ्यासाठी) वापरात असलेल्या बिटकीपर या तशाच साधनाची फुकट वापराची मुभा गेल्यावर. गिटहब आलं २००८ मध्ये. मधली तीन वर्षं लोक गिट वापरतच होते. कर्नलचं काम तर आजही मुख्यतः ईमेलवरून पॅच पाठवूनच चालतं. त्याआधीच्या सबव्हर्जन या साधनात कमिट करायला सर्व्हर लागायचा, हा गैरसमज तिथून आला असावा. गिटमध्ये कमिट, लॉग (इतिहास बघणं), डिफ (काय बदललं ते बघणं), ब्रँच (कामाची वेगळी वाट), मर्ज (वाटा एकत्र करणं) सगळं तुमच्याच डिस्कवर होतं. नेट लागतं ते फक्त दुसऱ्या ठिकाणाशी देवाणघेवाण करताना, आणि ते दुसरं ठिकाण पेन ड्राइव्हही असू शकतं. पेन ड्राइव्हवर गिट इनिट --बेअर करा, त्याला रिमोट, म्हणजे दुसरी प्रत ठेवायची जागा, म्हणून जोडा, पुश करा, म्हणजे काम तिकडं पाठवा. नेट नसलेल्या एका गोदामातल्या कॉम्प्युटरवर आम्ही असंच काम पोचवतो.

गिटला 'डिस्ट्रिब्युटेड' म्हणतात. या शब्दाचा अर्थ सांगलीकराला जवळच्या हरिपूरवरून लवकर कळेल. आपल्याकडं हळद पेवांत ठेवायची रीत जुनी. जमिनीखालच्या त्या पेवांत माल वर्षानुवर्षं टिकायचा, कीड लागायची नाही. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं आणि माल गेला, कारण तो दुसरीकडे कुठंच नव्हता. एकाच सर्व्हरवरचा इतिहास हा त्या पेवासारखा असतो. गिटमध्ये क्लोन, म्हणजे पूर्ण नक्कल, करणाऱ्या प्रत्येकाकडे आजच्या फायलींबरोबर पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहास येतो. शिवाय प्रत्येक कमिटची ओळख त्यातल्या मजकुरावरून आणि मागच्या कमिटवरून काढलेली असते, त्यामुळं मागचं काही गुपचूप बदललं तर पुढची सगळी ओळख बदलते आणि बाकीच्यांच्या प्रतींशी जुळत नाही. २०११ मध्ये कर्नलचा कोड जिथून वाटला जातो त्या सर्व्हरांवर घुसखोरी झाली होती. तेव्हा कर्नलच्या इतिहासाबद्दल लोक निर्धास्त राहू शकले ते याच कारणानं.

मात्र इथं मला एक गोष्ट ठासून सांगायचीय, कारण गिटची बाजू घेणारेही ती गाळतात. नुसतं कमिट म्हणजे बॅकअप नव्हे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ फुटांची. मारुती चौकाजवळच्या आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत टेबलं बुडाली. दोन कॉम्प्युटर गेले, आणि त्यांच्यावर गिट होतंच. काम वाचलं ते तासगावच्या सहकाऱ्यानं दोन दिवस आधी पुल केलं होतं, म्हणजे काम आपल्याकडे ओढून घेतलं होतं, म्हणून. जे पुश झालेलं नव्हतं, ते गेलं. म्हणून रोज काम संपताना पुश करा, आणि ती दुसरी प्रत नदीकाठच्या त्याच इमारतीत ठेवू नका.

कोड उघडा पडतो, या मुद्द्यात एक खरी भीती आहे, पण मेसेजनं ती चुकीच्या जागी दाखवलीय. गिटहबवर प्रायव्हेट रेपो (गिटमध्ये ठेवलेले खाजगी प्रोजेक्ट) २०१९ पासून फुकट आहेत, त्यामुळं रेपो कोणाला दिसावा हे तुमच्या हातात असतं. खरा धोका पासवर्डचा. डेटाबेसचा पासवर्ड फाइलमध्ये लिहून ती फाइल कमिट केली, आणि पुढच्या कमिटमध्ये काढून टाकली, तरी इतिहासात तो राहतोच. असं होऊन ते कुठं पुश झालं तर इतिहास साफ करण्याच्या मागं लागण्याआधी पासवर्ड बदला. आणि पहिल्या दिवशीच .गिटइग्नोर फाइल करून अशा फायलींची नावं तिच्यात घाला, म्हणजे गिट त्या घेत नाही.

शंभर कमांडींचं म्हणाल तर मला रोज नऊच लागतात: स्टेटस, डिफ, ॲड, कमिट, लॉग, स्विच, मर्ज, पुल, पुश. गिटच्या नावांनी लोकांना छळलंय हे मी मान्य करतो. चेकआउट ही एकच कमांड ब्रँचही बदलायची आणि फाइलमधले बदलही पुसायची, त्यात नवखा माणूस फसणारच. ऑगस्ट २०१९ मधल्या २.२३ आवृत्तीत ही कामं स्विच आणि रिस्टोअर अशी वेगळी केली. अजूनही जुन्या व्हिडिओंवरून चेकआउट शिकवणारे आहेत, त्यांना नवी नावं सांगा.

"एक चुकली की सगळं जातं" हे मात्र बहुतांशी उलटं आहे. एकदा कमिट झालेलं काम गिटमधून घालवणं अवघड असतं. ब्रँच पुसली, रीसेट (मागच्या कमिटवर जाणं) चुकलं, तरी गिट रिफ्लॉगमध्ये तुमच्या हालचालींची नोंद असते आणि कोणत्याही ब्रँचवर न उरलेलं कमिटही साधारण ३० दिवस तिथून परत आणता येतं. जातं ते कमिट न केलेलं. रिस्टोअर आणि रीसेट --हार्ड या दोन कमांडी असे बदल न विचारता पुसतात. म्हणून त्या चालवण्याआधी स्टेटस बघायची सवय लावा. तिसरी जपायची कमांड म्हणजे पुश --फोर्स, कारण तिच्यानं रिमोटवरचं दुसऱ्याचं काम बाजूला पडतं. एवढ्या तीन ठिकाणी हात आवरला की बाकी निर्धास्त चुका.

एआयबद्दल थोडंच. माझा सहकारी ते वापरतो, मीही वापरतो. एका वाक्यावर ते दहा फायली बदलून मोकळं होतं. त्यानं नेमकं काय बदललं हे गिट डिफशिवाय कसं बघणार?

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी तिचा कॉलेजचा प्रोजेक्ट घेऊन बोलावलं. तिच्याकडे तारखा टाकलेल्या एकोणीस झिपा होत्या. रिकाम्या फोल्डरमध्ये गिट इनिट केलं, गिट कॉन्फिगनं तिचं नाव आणि ईमेल घातलं. मग सर्वांत जुनी झिप उघडली, गिट ॲड -ए केलं आणि कमिट करताना --डेट देऊन झिपेची मूळ तारीख घातली. पुढच्या झिपेआधी .गिट हे लपलेलं फोल्डर तसंच ठेवून बाकी सगळं पुसायचं, म्हणजे मध्येच काढून टाकलेल्या फायलींचीही नोंद होते. प्रत्येक वेळी ती डिफ बघून काय बदललंय ते आठवायची आणि एक ओळ लिहायची. सात झिपांच्या वेळी तिला काहीच आठवलं नाही. तिथं तिनं "कारण आठवत नाही" असंच लिहिलं. विसाव्या कमिटपासून ती कारण लिहितेय.