स्पॅनिश येती की!

बेसिक स्पॅनिश आणि बोलण्याइतपत स्पॅनिश यांत फरक एवढाच, की पहिलीत समोर माणूस नसतो. मोबाइल असतो. सफरचंद कुठल्या रंगाचं, असं तो विचारतो. आपण ‘रोहो’, म्हणजे लाल, म्हणतो. तो टुणकन वाजतो आणि हिरवा होतो. ‘सफरचंद? का बरं? घरात कोण आजारी आहे काय?’ असं मोबाइल कधी उलट विचारत नाही. माणूस विचारतो. तिथून पुढं सगळं अवघड.

कोल्हापुरात राहून स्पॅनिश कशाला, असं पुण्याचा माणूस विचारेल. इथं कुणी विचारलं नाही. वर्ल्ड कप आला की आमच्या अर्ध्या गल्ल्या अर्जेंटिनाच्या होतात, अर्ध्या ब्राझीलच्या. 18 डिसेंबर 2022 च्या रात्री लुसैलच्या मैदानावर अर्जेंटिनानं फ्रान्सला पेनल्टीवर हरवलं, आणि जरा वेळानं मेस्सी माइकसमोर बोलायला लागला. टीव्हीसमोरची सगळी पोरं गप्प. ‘काय म्हणालाय त्यो?’ कुणाला पत्ता नाही. ज्याच्यासाठी महिनाभर घसा फोडला, तो काय बोलतोय ते कळंना, ही पेठेच्या अब्रूची गोष्ट झाली. ‘तू इंग्लिश मीडियमचा हाईस, तुला जमंल,’ असं म्हणून सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. इंग्लिश मीडियमचा आणि स्पॅनिशचा संबंध काय, हे विचारायची ती वेळ नव्हती.

युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या मानतात. तळाची ए-वन, शेवटची सी-टू. इन्स्टिट्यूटो सेर्वांतेस या स्पेनच्या भाषासंस्थेची ‘देले’ नावाची परीक्षा असते, तिचीही हीच उतरंड. मी ए-वन झालो तेव्हा आईनं शेजारीपाजारी पेढे वाटले, कारण आमच्याकडं एवन म्हणजे एवन. मग ए-टू झालो. ती जरा विचारात पडली. आता गप्पा मारण्याइतकं यावं म्हणून बी-वनची तयारी चाललीय म्हटल्यावर तिनं हातातलं काम ठेवलं आणि म्हणाली, ‘अभ्यासात लक्ष न्हाई काय रं तुझं?’

माझं पुस्तक इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेलं आहे. पानोपानी धोक्याच्या पाट्या. पण गंमत अशी, की इंग्रज जिथं ठेचकाळतो तिथून कोल्हापूरकर अनवाणी चालत जातो. ‘मे गुस्ता एल ते’ म्हणजे मला चहा आवडतो. यात मी कर्ता नाही, चहा कर्ता आहे, तेव्हा वाक्य उलटं करून विचार करा, म्हणून पुस्तक तीन पानं समजूत घालतं. आम्ही कशाला उलटं करू? आम्ही जन्मापासून असंच बोलतो. आंबा आवडतो, आंबे आवडतात. तिकडं गुस्ता, गुस्तान. पुढं ‘तू’ कुणाला म्हणावं आणि ‘तुम्ही’ कुणाला, यावर एक अख्खा धडा. त आणि द म्हणताना जीभ दाताला कुठं टेकवायची याचं चित्रसुद्धा आहे. आणि तो थरथरता र! बिचारे इंग्रज त्यासाठी आरशासमोर गुळण्या केल्यासारखे आवाज काढतात म्हणे. पेठेतलं शेंबडं पोरगं ‘काटा किर्रर्र’ म्हणतं, त्यात असे तीन र सांडतात.

सगळ्यात मोठी पाटी सब्जंक्टिव्हची. इच्छा, आशीर्वाद, शंका असली की क्रियापद रूप बदलतं, आणि इथं भलेभले शिकणारे माघारी फिरतात, असं पुस्तकाचं म्हणणं. लेखकाला एकदा अंबाबाईच्या महाद्वारात उभं करायला पाहिजे. ‘देव भलं करो, लेकरंबाळं सुखी राहोत.’ एकवचन, अनेकवचन, सगळं बरोबर, आणि शिकवणीची फी एक रुपाया.

जिथं पाटी नाही तिथं मात्र आम्ही आडवे. इंग्रजांच्या घरात ‘द’ असतो, म्हणून पुस्तक ‘एल’ आणि ‘ला’ अर्ध्या पानात उरकतं. मराठीत नामाच्या पुढं असा कुणी चोपदार चालत नाही. ‘म्हस आली’ म्हटलं की आली. कुठली, ते गंगावेशीला माहीत असतं. त्यातून चोपदार निवडायचा तो लिंग बघून. ‘मानो’, म्हणजे हात, स्त्रीलिंगी. ‘प्रोब्लेमा’ पुल्लिंगी. हे बायकोला सांगितलं. तिला काही नवल वाटलं नाही.

एका खड्ड्यात मात्र इंग्रज आणि आम्ही शेजारीशेजारी. आपल्या एका ‘आहे’ला तिकडं दोन क्रियापदं: ‘सेर’ आणि ‘एस्तार’. कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार, असं पहिल्या धड्यात छातीठोक सांगतात. मग पुढं कुठंतरी हळूच कळतं, की माणूस मेलेला आहे, यातला ‘आहे’ एस्तारचा. म्हणजे मरण तात्पुरतं. पुनर्जन्म मानणारे आम्ही, पण एवढी घाई आम्हीही करत नाही.

असा सगळा दारूगोळा घेऊन मी माणसाच्या शोधात निघालो. भाषांची अदलाबदल करणारी माणसं हल्ली इंटरनेटवर भेटतात. मला अर्जेंटिनातल्या रोझारिओ शहरातले एक निवृत्त गणिताचे मास्तर मिळाले. अर्धा तास त्यांची स्पॅनिश, अर्धा तास माझी इंग्रजी, असा सौदा. आमचे सकाळचे सहा म्हणजे त्यांचे आदल्या रात्रीचे साडेनऊ. ते येर्बा मातेचा कडू काढा धातूच्या नळीनं ओढत बसलेले, आणि मी बिनचहाचा. पहिल्याच सकाळी आई उठून आली. ‘कुणासंगं भांडालाईस एवढ्या पहाटं?’

मी अदबीनं ‘उस्तेद’ म्हणजे तुम्ही म्हणून सुरुवात केली. मास्तर म्हणाले, उस्तेद नको, ‘वोस’ म्हण. म्हणजे तू. सत्तरीच्या मास्तरांना अरे-तुरे करायला माझी जीभ वळेना, आणि वोस तर माझ्या पुस्तकातच नव्हता. पुस्तकात ‘तू’ होता, स्पॅनिशमध्येही तू म्हणजे तूच. अर्जेंटिनात तो चालत नाही. तिथं वोस, आणि वोसबरोबर क्रियापदंही वेगळी. ‘तिएनेस’चं ‘तेनेस’, ‘पुएदेस’चं ‘पोदेस’. उच्चार आणखी निराळे. ‘यो मे यामो’, म्हणजे माझं नाव अमुक, असं मी घोकलेलं. त्यांचं ‘शो मे शामो’. पाऊस पडो म्हणायचं तर ‘ओहाला शुएवा’. मी म्हटलं, असं म्हणू नका, आमचा राजाराम बंधारा आधीच पाण्याखाली आहे.

आणि वेग! ल्यों विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये मोजून ठेवलंय: इंग्रजी बोलणारा सेकंदाला सुमारे 6.2 अक्षरं उच्चारतो, स्पॅनिश बोलणारा 7.8. वर त्यांनी असंही दाखवलं, की स्पॅनिशच्या एकेका अक्षरात ऐवज कमी असतो, त्यामुळं तेवढ्याच वेळात मजकूर साधारण तेवढाच पोचतो. शब्द भरपूर, मुद्दा तेवढाच, हे ऐकून मला रंकाळ्यावरच्या कट्ट्याची आठवण आली आणि जरा धीर आला. पण ऐकताना धीर टिकत नाही. ‘के वास आ आसेर’, तू काय करणार आहेस, हे चार शब्द मास्तरांच्या तोंडून एकच होऊन येतात: ‘केबासासेर’. कुठं एक संपला आणि कुठं दुसरा सुरू झाला, हे शोधेपर्यंत ते दोन विषय पुढं गेलेले असतात. अर्थात ‘काय करालाईस’ हे ऐकून त्यात ‘करायला लागला आहेस’ शोधणाऱ्या परक्या माणसाचं काय होत असेल, याचा विचार आपण कधी केलाय?

माझी सुटका कुठल्या काळानं किंवा विभक्तीनं केली नाही, फालतू शब्दांनी केली. कुठलंही पुस्तक ते सुरुवातीला शिकवत नाही, आणि हा माझ्या मते गुन्हा आहे. ‘बुएनो’ म्हणजे बरं. ‘ओ सेआ’ म्हणजे म्हंजे. ‘एस्तेऽऽ’ म्हणत कितीही लांबवता येतं, तोवर क्रियापद सापडतं. ‘चे’ हाक मारायला, आमच्या ‘लका’च्या जागी. आणि वाक्याच्या शेवटी ‘विस्ते?’, बघितलंस न्हवं? हे पाच शब्द खिशात आल्यावर मी पाचदहा मिनिटं काहीही न सांगता बोलू शकायला लागलो. गप्पा म्हणतात त्या ह्यालाच.

तिकडं मास्तरांची इंग्रजीही माझ्या हाताखाली वाढत होती. ‘आय ॲम फाइन की,’ असं ते म्हणायला लागले. मी दुरुस्त केलं नाही. व्याकरणात कुठं चूक आहे?

एका रविवारी तालमीतली पोरं व्यायाम करून चहाला माझ्याकडं घुसली आणि स्क्रीनभोवती कोंडाळं केलं. ‘विचार की, मेस्सी तुमच्याच गावचा, मग काय, मज्जाच की तुमची?’ मी विचारलं. मास्तरांनी काढा खाली ठेवला. चेहरा पडला. मग जे सुरू झालं, ते 7.8 च्या कितीतरी वर होतं, आणि मला कळत होतं! मास्तर रोझारिओ सेंट्रलचे. 1889 पासूनचा क्लब. वडील सेंट्रलचे, आजोबा सेंट्रलचे. आणि मेस्सी लहानपणी खेळला तो न्यूवेल्सकडून. त्याच शहरातली दुसरी टीम.

मी पोरांना मराठीत सांगितलं. खोलीत सुतकी शांतता पसरली.

‘आरारारा,’ एकजण म्हणाला. ‘म्हंजे वर्ल्ड कप आला, पर विरुद्ध तालमीच्या पोरानं आणला.’

एवढं नेमकं दुःख स्पॅनिशमध्ये सांगायला मला दोन ‘ओ सेआ’ आणि एक लांबलचक ‘एस्तेऽऽ’ लागला. मास्तर उठून उभेच राहिले. फायनलमधला दुसरा गोल कुणाचा? डी मारियाचा! आणि डी मारिया कुणाचा? सेंट्रलचा! ‘नुएस्त्रो!’ आमचा! हे भाषांतर न करताच पोरांना कळलं, आणि त्यांनी शिट्ट्या मारल्या.

मग मास्तरांनी विचारलं, तुमच्या गावातही अशा दोन टीम आहेत काय? हा प्रश्न मी मोठ्यानं मराठीत सांगायला नको होता. कोंडाळ्यातला एकजण पाटाकडील तालमीच्या टीमचा, एक शिवाजी मंडळाच्या. शाहू स्टेडियमवरची कुठलीतरी जुनी पेनल्टी निघाली. ती बॉक्सच्या आत होती की बाहेर, यावर चहा सांडला. आई झारा घेऊन बाहेर आली. मास्तर पलीकडून ‘के दिसेन? के दिसेन?’, काय म्हणालेत, म्हणून ओरडत होते, आणि मी एका कानानं पंचाचा उद्धार ऐकत दुसरीकडं स्पॅनिशमध्ये ऑफसाइड समजावत होतो. सेर की एस्तार, हे बघायला कुणाला सवड नव्हती. इंग्रजीचा अर्धा तास कधीच वाहून गेला होता.

मी घड्याळ दाखवून माफी मागितली. मास्तरांनी हात झटकला, खुर्ची आणखी पुढं ओढली आणि म्हणाले, ‘नो इंग्लिश टुडे की.’