डोकं उठवणारा ब्लोअर

लाकडाची शेगडी पेटवायची कशासाठी? निवांत बसून ऊब घ्यायला. इथे लाकडं धरतात, पत्रा तापतो, उष्णतेवर चालणारं बटण, म्हणजे थर्मोस्टॅट, टक् करतो आणि सुरू होते ती ब्लोअरची, म्हणजे गरम हवा खोलीत ढकलणाऱ्या पंख्याची, घरघर! बोलायचं तर ओरडून, वाचायचं तर तीच ओळ तीनदा.

वेग कमी केला की घरघर जाते, पण मोटरची गुणगुण सुरू. ती तर जास्तच डोक्यात जाते.

परवा वैतागून, शेगडी पूर्ण गार झाल्यावर, प्लग काढून ब्लोअर बाहेर ओढला. पात्यांवर राख आणि केसांचा हा एवढा थर, तोही एकाच बाजूला! मग तोल जाणार नाही तर काय? ब्रशने सगळं खरवडलं, बेअरिंगला दोन थेंब तेल दिलं, पत्र्याला टेकतो तिथे रबरी चकत्या घातल्या. आठवडाभर काय सुख होतं!

आज पुन्हा खडखड. दांडा बोटाने हलवला तर डुगडुगतोय, म्हणजे बेअरिंगच झिजलंय. राखेशेजारीच बसवायचा पंखा, तर तो साफ करायला अर्धी शेगडी का उचकटावी लागते? समोर एक झाकण द्यायला काय जातं या शेगडी बनवणाऱ्यांचं?