फ्रेम खराब हो रहा है

आज सकाळी विदर्भ एक्स्प्रेसने नणंद येणार होती म्हणून नागपूर स्टेशनवर गेले. गाडी पाऊण तास लेट. चहा झाला, दुसरा चहा झाला, मग पाय मोकळे करत प्लॅटफॉर्मच्या अजनीकडच्या टोकाला आले. तिथे एक पोट्टा उभा. वीस-बावीसचा असेल, गळ्यात हातभर लेन्सचा कॅमेरा. त्याच्यापुढे आठ-दहा पावलांवर नारंगी जाकीट घातलेले कॅरेज-वॅगनचे, म्हणजे डबे तपासणारे, एक कर्मचारी उकिडवे बसलेले, हातात टॉर्च. गाडीचं तोंड दिसलं तसा हा पोट्टा ओरडला, "अंकल, जरा साइड हो जाओ ना, फ्रेम खराब हो रहा है!"

ते उठले अन् निमूट मागे सरकले. माझं डोकं सटकलं.

अरे बाप्पा, ते तिथे हवा खायला बसले नव्हते! गाडी आत येताना डब्यांखाली काही लोंबतंय का, स्प्रिंग तुटली का, एखादा अ‍ॅक्सल तापला का, चाक सपाट होऊन ठोके देतंय का, हे त्यांना चालत्या गाडीत बघायचं असतं. डोळ्यांनी, कानांनी, कधी नुसत्या जळक्या वासावरून. हे झालं म्हणून माझी नणंद झोपेत नागपूरला पोचते. आणि याची फ्रेम खराब होते!

मला राग यायला तसं जुनं कारण आहे. माझे बाबा मोतीबागेच्या शेडमध्ये फिटर होते. छोटी लाइन, दोन रुळांत अडीच फुटांचं अंतर असलेली. मी सातवीत होते, वाफेच्या इंजिनांचे शेवटचे दिवस चालले होते. तेव्हा बाहेरदेशातले लोक कॅमेरे घेऊन यायचे. असाच एक गोरा येणार म्हणून बाबा पहाटे चारला शेडमध्ये गेले. इंजिन पुसलं, पितळ घासलं, नंबरप्लेट चिंचेने लख्ख केली. चिंच आईच्या डब्यातली, त्यावरून घरी भांडण झालं ते वेगळं. साहेब आला. सूर्य पाठीशी घेऊन उभा राहिला. ड्रायव्हरला सांगून इंजिन चार बोटं पुढे घ्यायला लावलं, कारण चाकांना जोडणारा दांडा खाली आलेला हवा. मग हाताने माशी हाकलावी तसं बाबांना खुणावलं. बाजूला.

बाबा बाजूला झाले. साहेबाच्या मागे जाऊन उभे राहिले.

ज्यांना हे खूळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रेल्वे फोटोचं एक व्याकरण आहे. इंजिनाचं नाक आणि एक अख्खी बाजू दिसली पाहिजे, दोन्हींवर ऊन पाहिजे, गाडी मागे लांब निमुळती होत गेली पाहिजे. ओव्हरहेड विजेच्या तारांचा खांब इंजिनाच्या कपाळातून उगवलेला चालत नाही. नंबर वाचता आला पाहिजे. माणूस मध्ये नको, गवत नको, शेजारच्या रुळावर मालगाडी नको. व्याकरण चुकीचं नाही, आपल्या नागपुरात मे महिन्यात आठ वाजल्यानंतर काढून दाखवा असा फोटो, ऊन नुसतं भाजून काढतं. कष्ट आहेत, मान्य. इंजिनांचा इतिहास लिहिणाऱ्यांना, मॉडेल बनवणाऱ्यांना असेच स्वच्छ फोटो लागतात, तेही मान्य. झालं समाधान?

पण मग तो फोटो इंजिन विकायला काढल्यासारखा दिसतो, त्याचं काय? लग्नाच्या स्थळासाठी मुलीला उभं करून काढायचे ना, तसा. एक हजार फोटो बघा, नागपूर आहे की इटारसी आहे की बल्लारशा, काही कळणार नाही. आपलं स्टेशन १९२५ सालचं, एवढी दगडी इमारत, तीसुद्धा यांना मागे नको असते! सगळ्यांना डायमंड क्रॉसिंग पाहिजे. दिल्ली-चेन्नई आणि हावडा-मुंबई रूळ एकमेकांना काटतात ते. वरून ड्रोनने काढलेलं भारी दिसतं, खोटं कशाला बोलू. पण तिथली खरी गंमत आवाजात आहे, चाकं त्या फटींवरून जाताना जी खडखड होते त्यात. ती फोटोत कशी आणणार? आणायचा प्रयत्न तरी कोण करतो?

(रुळावर उभं राहून रील काढणाऱ्यांबद्दल मी बोलतच नाहीये. त्यांच्यासाठी रेल्वे कायद्याचं कलम १४७ आहे, रेल्वेच्या हद्दीत घुसखोरीचं.)

एक अमेरिकन होता, ओ. विन्स्टन लिंक. १९५५ ते १९६० अशी पाच वर्षं त्याने नॉरफोक अँड वेस्टर्न या रेल्वेची शेवटची वाफेची इंजिनं काढली, बरीचशी रात्री, ढीगभर फ्लॅशबल्ब एकदम पेटवून. त्याच्या सगळ्यात गाजलेल्या फोटोत पुढे उघड्या मोटारीत एक जोडपं बसलंय, ओपन एअर सिनेमा चालू आहे, आणि मागून धूर सोडत मालगाडी चाललीय. पडद्यावर विमान आहे. ते विमान त्याने नंतर दुसऱ्या निगेटिव्हवरून घातलं, कारण फ्लॅशमध्ये पडदा पांढराफटक पडला होता. म्हणजे एडिटिंगला माझी ना नाही. पण त्याला ते जोडपं बाजूला करावंसं वाटलं नाही ना! उलट त्याने मुद्दाम बसवलं. गाडी माणसांच्या मधून जाते, एवढी साधी गोष्ट त्याला कळत होती.

आमच्या साहेबाने काढलेला फोटो पोस्टाने आला, शेडच्या पत्त्यावर. पोस्टकार्डाएवढा. बाबांनी तो कधी फ्रेम केला नाही, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला. फोटो उत्तम आहे हो. ऊन, दांडा, पितळ, सगळं जागच्या जागी. इंजिनाचा नंबर आजही चष्म्याशिवाय वाचता येतो. फुटप्लेटवर, म्हणजे ड्रायव्हर उभा राहतो तिथे, बाबांचा जेवणाचा डबा राहून गेलाय, त्याच्यावर त्यांनी खिळ्याने कोरलेला त्यांचा कामगार म्हणून असलेला तिकीट नंबर मात्र वाचता येत नाही.

आणि खाली, खडीवर, दोन सावल्या आहेत. एक कॅमेऱ्याच्या तिकाटण्यासकट. दुसरी तिच्या शेजारी, जरा बुटकी, एका हातात चिंध्यांचा बोळा. सूर्य पाठीशी हवा हा त्याचाच हट्ट. पहाटेची लांब सावली, मागे उभ्या केलेल्या माणसाची, सरळ त्याच्या फ्रेममध्ये गेली. त्याला दिसली नसेल, नाहीतर तीही बाजूला व्हायला सांगितली असती.

बाबा गेले तेव्हा आम्हाला त्यांचा कामावरचा फोटो पाहिजे होता. हाच आहे. दुसरा नाही.

छोटी लाइनही गेली. छिंदवाड्याची २०१५ ला बंद झाली, नागभीडची २०१९ ला. मोतीबागेत म्युझियम आहे, इंजिनं रंगवून ठेवलीत, पोरांना घेऊन जरूर जा. तिथेही इंजिनांसमोर लोक सेल्फी काढतात आणि मला आता त्याचा राग येत नाही. निदान माणूस तरी असतो त्यात.

तर, त्या पोट्ट्याला मी झापलं. नणंद उतरली तरी माझं चालूच. बिचारा ऐकून घेत होता. म्हणाला, "काकू, सॉरी. पण ग्रुपवर क्लीन शॉटच चालतात." मग कॅमेऱ्यात दाखवायला लागला. बुटीबोरीचं धुकं, पहाटे साडेचारला उठून गेलेला, बापाची स्कूटर घेऊन. एका फोटोत गँगमन आहे, खांद्यावर पाना, धुक्यात अर्धा विरघळलेला, मागे मालगाडीचे दोन दिवे. मी म्हटलं, हा! हा टाक. तर म्हणे, "हा रिजेक्टमध्ये आहे काकू, लोकोचा नंबर येऊन नाही राहिला." काय बोलायचं! पोट्टा वाईट नाही. डोळा आहे त्याला, फक्त नको त्यांचं ऐकतो.

मग मी त्या जाकीटवाल्या काकांकडे गेले. गाडी अजून उभी होती, ते कसलीशी नोंद करत होते. म्हटलं, दादा, एक फोटो काढू का? "काढा ना ताई," म्हणाले, आणि मी मोबाइल वर केला तसे स्वतःहून चार पावलं बाजूला सरकले.

"इंजिनाचाच ना?"

नाही हो, तुमचा, म्हटलं. त्यांना आधी पटेचना. मग टॉर्च खिशात घातला, पुन्हा बाहेर काढला, जाकिटाची चेन वर ओढली, केसांवरून हात फिरवला. या सगळ्यात गाडी गोंदियाकडे निघून गेली. माझ्या फोटोत ते आहेत, टॉर्च आहे, आणि मागे नुसते रिकामे रूळ.