‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ला विसरून कसं चालेल?
ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा सगळ्यात जड अल्बम म्हणून लेखात १९७० च्या पहिल्याच अल्बमचं नाव घेतलंय, ते काही पटलं नाही. माझ्या कानात आठवडाभर १९७१ चा ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ घुमतोय. पत्र्याच्या कारखान्यात बँडच्या गिटारवादकाच्या, टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचाच हात! प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणं केली. या अल्बममधल्या काही गाण्यांसाठी तारा सैल करून दीड स्वर खाली उतरवल्या. बोटांवरचा ताण हलका झाला आणि आवाज पार पाताळात गेला. ‘इंटू द व्हॉइड’ची सुरुवात एकदा चांगल्या हेडफोनवर ऐकाच, गीझर बटलरचा बास गिटारला कसा चिकटून चालतो बघा. डूम, म्हणजे संथ आणि जड मेटल ऐकणाऱ्या मित्रहो, तुमचं सध्या काय चालू आहे?