प्रतिक्रियेला उत्तर: मेलचे नियम आणि मंद कॉम्प्युटर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, तिखटही आहे, त्यामुळे नुसते आभार मानून सुटणं बरं दिसणार नाही. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: ऑफिसचा कॉम्प्युटर रखडतो म्हणणाऱ्याला मी माझ्या लेखात मेलचे नियम (आलेली मेल आपोआप ठरावीक फोल्डरात टाकणाऱ्या सूचना) आवरायला सांगतो, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, एसएसडी (वेगवान डिस्क) टाका, रॅम (मेमरी) वाढवा, प्रश्न मिटला. दुसरं, नियम लावल्यामुळेच तुमच्या साहेबांची एक मेल चार दिवस तुमच्या नजरेस पडली नाही. आणि तिसरं, ही कामं आयटीवाल्यांची, ती कर्मचाऱ्याच्या गळ्यात का?

एसएसडीबद्दल वाद नाही. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क इकडेतिकडे विखुरलेली माहिती सेकंदाला जेमतेम शंभर-दीडशे वेळा वाचू शकते, साधी एसएसडी तेच काम हजारोंनी करते. पण ऑफिसचं मशीन उघडायचा अधिकार आपल्याला नसतो, बहुतेकांकडे ॲडमिनचा पासवर्डही नसतो. स्वतःच्या लॉगिनमधून जे जमतं, त्यापुरताच तो लेख होता.

आता "नियमांचा आणि वेगाचा काडीचाही संबंध नाही" हे तुमचं वाक्य. नियम चालतो कुठे, यावर ते अवलंबून आहे. कंपनीची मेल एक्स्चेंजवर (मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरवर) असेल आणि नियम एवढाच असेल की अमुक पत्त्यावरून आलेली मेल त्याच मेलबॉक्समधल्या तमुक फोल्डरात जावी, तर ते काम सर्व्हर करतो. तुमचं मशीन बंद असलं तरी मेल जागेवर पोचते, मशीनवर भार शून्य. पण "पीएसटी फाइलमध्ये (मेलबॉक्सबाहेर मेल साठवणारी फाइल) हलव", "आवाज वाजव", "प्रिंट काढ" असं काही नियमात आलं की तो तुमच्या मशीनवर, आउटलुक (मायक्रोसॉफ्टचा मेलचा प्रोग्रॅम) उघडं असतानाच चालतो. क्लासिक (जुन्या रूपातल्या) आउटलुकच्या नियमांच्या यादीत अशा नियमापुढे कंसात "क्लायंट-ओन्ली", म्हणजे फक्त तुमच्या मशीनवर चालणारा, असं लिहिलेलं असतं. ते कोणी वाचत नाही.

समजा आठवडाभराच्या सुट्टीनंतर तुम्ही आउटलुक उघडलंत. शेकड्यांनी मेल उतरतायत, प्रत्येक मेल एकेका नियमाशी ताडून पाहिली जातेय, जुळली की पीएसटीत लिहिली जातेय. तिच्या अटॅचमेंटवर अँटिव्हायरसची नजर आहेच, आणि सर्चचं इंडेक्सिंगही (शोधासाठी सूची बनवणं) मागे लागलेलं. सगळ्यांना एकाच वेळी तीच डिस्क हवी. ती पीएसटी नेटवर्क ड्राइव्हवर (ऑफिसच्या सामायिक डिस्कवर) ठेवलेली असेल तर विचारूच नका. रोजच्या वापरासाठी तसं करू नका असं मायक्रोसॉफ्टच सांगते. तासाभराने सगळं शांत होतं आणि आपण म्हणतो, मशीन म्हातारं झालं.

म्हणून आधी बघावं, मग औषध ठरवावं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. डिस्क, मेमरी, सीपीयू यांतला कोणता रकाना ९०-१०० टक्क्यांवर अडकलाय ते पाहा आणि त्याच रकान्याच्या नावावर क्लिक करा. सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येतो. आउटलुकवर संशय असेल तर ते बंद करा, कंट्रोल दाबून ठेवून त्याच्या आयकॉनवर क्लिक करा आणि सेफ मोडला हो म्हणा. ॲड-इन्सशिवाय (आउटलुकला जोडलेल्या जादा छोट्या प्रोग्रॅमशिवाय) ते झटकन चालू लागलं तर चोर ॲड-इन्समध्ये आहे, नियमांना उगाच झोडपू नका. आणि आउटलुक बंद असतानाही दिवसभर डिस्क १०० टक्केच दिसत असेल, तर तुमचं म्हणणं खरं, एसएसडीच मागा.

(जाता जाता: तिथेच परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूखाली "अप टाइम", म्हणजे मशीन किती काळ सलग चालू आहे ते, दिसतं. रोज शट डाऊन करणाऱ्यांनाही तिथे कधीकधी वीस-वीस दिवस दिसतात. विंडोज ८ पासून आलेलं फास्ट स्टार्टअप शट डाऊन करताना सिस्टिमचा गाभा डिस्कवर जपून ठेवतं, म्हणून. रीस्टार्टमध्ये तसं होत नाही.)

साहेबांच्या मेलबद्दल मात्र वाईट वाटलं. तुम्ही लिहिलंय की नियम विषयातल्या "रिपोर्ट" या शब्दावर होता. आपोआप येणारे रोजचे रिपोर्ट बाजूला काढायला तो लावला असणार, आणि साहेबांनी विषयात लिहिलं असणार "रिपोर्ट आजच हवा". नियमाने सांगितलं तेच केलं. अशा ठिकाणी शब्दावर अट घालूच नये, ज्या पत्त्यावरून ते रिपोर्ट येतात त्या पत्त्यावर घालावी. शब्द टाळता येतच नसेल तर अपवादांच्या यादीत "माझं नाव टू मध्ये असेल तर सोडून" हा पर्याय आहे, तो निवडा. शिवाय आउटलुक नियम वरून खाली तपासतं, म्हणून सगळ्यात वर साहेबांच्या पत्त्याचा एक नियम ठेवा आणि त्यात कृती एकच: पुढचे नियम थांबव. मेल इनबॉक्समध्येच राहील. फोल्डरात हलवताना "वाचलेली" अशी खूण मात्र करू नका. ती केली की फोल्डरचं नाव ठळक होत नाही, न वाचलेल्यांचा आकडा दिसत नाही, आणि चार दिवस असेच जातात.

जीमेल वापरणाऱ्यांनी हे जसंच्या तसं उचलू नये. तिथले फिल्टर सर्व्हरवरच चालतात, त्यांना वरखाली क्रम नसतो, आणि जुळणारे सगळे लागू होतात. नको ते शब्द वगळायला फिल्टरमध्येच वेगळा रकाना आहे.

राहिला आयटी विभाग. काम त्यांचंच, मान्य. पण "मशीन स्लो आहे" एवढ्या तिकिटावर "रीस्टार्ट करून पाहा" याशिवाय ते तरी काय लिहिणार? टास्क मॅनेजरचा स्क्रीनशॉट जोडा, वेळ लिहा, तेव्हा काय उघडं होतं ते लिहा. एसएसडीची मागणीही त्याच कागदावर मंजूर होते.

तुमच्या मशीनवर डिस्कचा रकाना किती दाखवतो आणि नियमांच्या यादीत "क्लायंट-ओन्ली" किती आहेत, ते इथे खाली लिहाल का? मग नेमकं बोलता येईल.